दारू सुटली, आता घरच्यांचाही मोह सोडायचा का?

ऐरोलीच्या एका दादांचा प्रश्न आहे: "ताई, वय ३६, रबाळे एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. १२ वर्षं प्यायलो. २८ दिवस केंद्रात राहून आलो, त्याला पाच महिने झाले, एक थेंब घेतलेला नाही. घरी बुद्धवंदना करतो. तृष्णा, आसक्ती हेच दुःखाचं मूळ असं वाचलं, म्हणून दारूबरोबर सगळ्यातूनच मन काढायचं ठरवलं. सात वर्षांची मुलगी मांडीवर येऊन बसली तर मी हळूच बाजूला सरकतो. परवा तिने विचारलं, पप्पा, तुम्ही माझ्यावर रागावलात का? मला उत्तर देता आलं नाही. दारू गेली, पण आता कशातच अर्थ वाटत नाही. सकाळी कधी कधी वाटतं, उठूच नये. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातो तिथे उच्चशक्तीवर सोपवा म्हणतात. आपण देव मानत नाही, मग एकट्यानेच निभवायचं का? बेलापूरला विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला जाऊ का? पगार ७ तारखेला होतो, त्या दिवशी तर जीव नुसता खालीवर होतो."

जय भीम, दादा.

आधी त्या 'उठूच नये'बद्दल बोलू, बाकी सगळं नंतर. हे कंटाळ्यातून आलंय की जगणंच नको असं खरोखर वाटतंय, हे एका ओळीवरून मला कळणार नाही आणि मी अंदाज बांधणार नाही. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि हे वाक्य जसंच्या तसं त्यांना सांगा. दारू थांबल्यावर सुरुवातीचे काही आठवडे मन पडलेलं राहतं, ते नेहमीचं आहे. पाच महिन्यांनंतरही तसंच असेल तर हे डिप्रेशन आहे का, हे तपासायलाच हवं, कारण त्यावर उपचार आहेत. एखाद्या दिवशी विचार फार जोर करायला लागला तर १४४१६ वर फोन लावा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री बायकोच्या कानावर घाला. पिणं लपवायची आपल्याला इतकी वर्षं सवय लागलेली असते की नंतर दुखणंही आपण लपवत राहतो.

आता मुलीचं.

मी १९ वर्षं व्यसनमुक्तीचं काम करते आहे, ठाणे आणि नवी मुंबईत. वंदना तोंडपाठ असलेली आपली माणसं समोर येऊन बसतात तेव्हा एक घोटाळा मला पुन्हा पुन्हा दिसतो. शब्द पालीतला असतो आणि अर्थ आपण मराठीतला लावतो. वेदना म्हटलं की आपल्याला दुखणं आठवतं. पालीत वेदना म्हणजे कुठलीही जाणीव: सुखाची, दुःखाची, किंवा धड ना ही ना ती. प्रमाद म्हणजे मराठीत चूक, पालीत पमाद म्हणजे बेसावधपणा. पण सगळ्यात महागात पडतो तो 'उपेक्षा' हा शब्द. म्हातारपणी आईबापाची फार उपेक्षा झाली, असं आपण म्हणतो, म्हणजे हेळसांड झाली. पालीतली उपेक्खा म्हणजे समतोल राहिलेलं मन. ते मन बघतं, जवळ थांबतं, फक्त हेलकावत नाही. आणि उपेक्खा एकटी कधी येत नाही. मेत्ता म्हणजे मैत्री, करुणा, आणि मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखातला आनंद, या तिघींच्या पंगतीत ती चौथी बसते. जुन्या आचार्यांनी बजावून ठेवलंय की तिच्यासारखीच दिसणारी एक बेफिकिरी असते, आणि तीच तिची सगळ्यात जवळची वैरीण. मुलगी मांडीवर बसली आणि तुम्ही सरकलात, ती मराठीतली उपेक्षा झाली, दादा.

विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. भगवान बुद्ध आपले शिष्य आनंद यांच्याबरोबर निवासांची पाहणी करत तिथे आले. त्यांनी आनंदांना पाणी आणायला सांगितलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवलं. नंतर भिक्खूंना जमवून ते म्हणाले, इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाहीत तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ज्यांची आसक्ती पूर्ण संपली होती त्यांचे हात त्या दिवशी कुठे होते, ते बघा.

मग सोडायचं काय? तण्हा म्हणजे शब्दशः तहान. तहानेने जीव कासावीस झालेल्या माणसाला समोरचा माणूस दिसत नाही, त्याच्या हातातलं पाणी दिसतं. तुमच्या भीतीत थोडं तथ्य आहे, ते मी उडवून लावणार नाही. पिऊन घरी आलेला बाप झोपलेल्या लेकराला उठवतो, छातीशी धरतो, रडतो, खिशातलं चॉकलेट काढतो आणि पुन्हा पुन्हा विचारतो, "पप्पा आवडतात ना तुला?" त्या मिठीत त्याला माफी हवी असते. लेकरू वासाने तोंड फिरवतं, मग त्याचाही त्याला राग येतो. ते लेकरू कळव्याच्या एका चाळीत मी होते, म्हणून हे मी अगदी जवळून सांगते आहे. ती मिठी तहानेची होती. तुम्हीही कधी तसं वागला असाल, आणि 'मुलीची ओढ म्हणजे आसक्ती' हा हिशोब मनात तिथूनच सुरू झाला असेल.

पण आज ती मांडीवर येऊन बसते तेव्हा तिला काय हवं असतं? वहीतलं चित्र दाखवायचं असेल. ते बघा. या झाडाला निळी पानं का दिलीस, असं विचारा. ती उठून खेळायला गेली की जाऊ द्या. ती गेल्यावर थोडं रिकामं वाटेल, तेही वाटू द्या. उद्या ती आली नाही म्हणून तुम्हाला राग आला, तिने आपलं मन रमवावं अशी अपेक्षा मनात उभी राहिली, तर तिथे तण्हेने डोकं वर काढलं असं समजा. तेवढंच सोडायचं. मुलगी नाही सोडायची. आणि आजच तिला सांगा, "मी रागावलो नव्हतो गं, माझंच काहीतरी चुकत होतं." सात वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

आता ही तहान चढते कशी, ते बघू, कारण ७ तारखेला तुम्हाला त्याचाच उपयोग होणार आहे. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे एकातून दुसरं कसं उभं राहतं ती साखळी. तिच्या बारा कड्यांतल्या चार-पाच आपल्या कामाच्या आहेत. स्पर्श, त्यातून वेदना, वेदनेतून तण्हा, तण्हेतून उपादान म्हणजे धरून बसणं, आणि पुढे भव म्हणजे तसं होऊन जाणं. कंपनीच्या गेटबाहेर दोस्ताने हाक मारली, हा स्पर्श. पोटात बरं वाटलं किंवा छातीत कालवलं, ही वेदना. 'आत्ताच हवी', ही तण्हा. 'आज पगार आहे, पाच महिने कळ काढली, एक क्वार्टर तर माझा हक्क आहे', हे उपादान. आणि बारच्या टेबलावर बसलेला तो जुना 'मी', हा भव. स्पर्श टाळता आला तर टाळावा, पण रबाळ्यात राबणाऱ्या माणसाने किती टाळायचा? वेदना तर तुमच्या हातात नाहीच, ती येणारच. हात घालायला जागा आहे ती वेदना आणि तण्हा यांच्या मधल्या फटीत. ती फट फार बारीक असते. १२ वर्षं पिणाऱ्याच्या बाबतीत ती जवळजवळ बुजलेलीच असते. ती रुंद करणं हेच तुमचं आमचं काम.

आठेक वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्या भाऊंचा मला संध्याकाळी फोन आला, "ताई, मी ठाणे स्टेशनवर आहे आणि मी आता पिणार." मी योगायोगाने जवळच होते. वाशीच्या गाड्या सुटतात त्या बाजूच्या फलाटावर आम्ही बाकड्यावर बसलो. त्यांनी डाव्या हाताची मूठ इतकी आवळली होती की नखं तळव्यात रुतली होती. मी समजावलं नाही. एवढंच विचारलं, कुठे जाणवतंय? म्हणाले, घशात. अजून? जिभेखाली पाणी सुटलंय. अजून? मूठ. एक गाडी सुटली. आता कुठे? घशातच, पण मघापेक्षा जास्त. दुसरी गाडी सुटली तेव्हा मूठ उघडली होती आणि त्यांना घाम आला होता. तिसरी सुटताना ते म्हणाले, "ताई, दुपारपासून काही खाल्लं नाही." आम्ही वडापाव खाल्ला आणि ते घरी गेले. सगळ्या संध्याकाळी इतक्या सुखरूप संपत नाहीत, त्यांचीही पुढे एकदा बिघडली. पण त्या दिवशी त्यांना कळलं की तल्लफ चढते तशी उतरतेही, आणि ती उतरवायला पेलाच लागतो असं नाही.

तल्लफेचा हा जोर बहुतेक वेळा १५ ते ३० मिनिटांत ओसरायला लागतो. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मारलॅट यांनी यासाठी समुद्राच्या लाटेची उपमा वापरली होती. मी आपल्या खाडीची वापरते. ऐरोलीच्या पुलावरून भरतीच्या वेळी खाली बघा. पाणी खारफुटीत शिरतं, मुळं बुडतात, कधी अर्धं झाड बुडतं. झाड पाण्याशी झगडत नाही आणि पाण्याबरोबर वाहतही जात नाही. ओहोटीला चिखलात ते तसंच उभं दिसतं. तल्लफ आली की 'मला प्यायची आहे' असं म्हणण्याऐवजी 'तल्लफ आली आहे, घशात आहे, वाढते आहे' असं मनात म्हणा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण रोज १० मिनिटं श्वासाकडे बघायचा सराव असेल तरच ऐनवेळी ते सुचतं. आणि तल्लफ म्हणून जे वाटतं त्याच्या तळाशी बरेचदा भूक, राग, एकटेपणा किंवा नाईट शिफ्टचा थकवा असतो. आधी जेवा. खरंच आधी जेवा.

उपादान या शब्दाचा पालीत आणखी एक अर्थ आहे: इंधन, सरपण. गयेजवळच्या आदित्त परियाय सुत्तात बुद्ध म्हणतात की सगळं जळतं आहे, डोळे जळताहेत, जीभ जळते आहे. ज्यांना ते हे सांगत होते ते पूर्वी अग्नीची पूजा करणारे होते, त्यांना हे लगेच भिडलं असणार. तेल-वातीवर दिवा जळतो. तेल ओतणं थांबलं की तो आपोआप विझतो, फुंकर मारत बसावं लागत नाही. तुम्ही पाच महिने तल्लफेवर फुंकर मारत आहात आणि दुसऱ्या हाताने तेल ओतता आहात, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. ते तेल म्हणजे 'मी वाया गेलेला माणूस, माझं सगळं संपलं' ही तुमची स्वतःबद्दलची पक्की समजूत. उपादानाचे जे चार प्रकार सांगितलेत त्यात एक आहे अत्तवादुपादान, 'मी' नावाच्या कल्पनेला धरून बसणं. दारूला धरणं दिसतं, हे दिसत नाही. 'मी बेवडाच' हेसुद्धा धरून ठेवणंच आहे.

तण्हेचेही तीन प्रकार आहेत. एक विषयांची, एक काहीतरी होण्याची, आणि तिसरी विभवतण्हा, नाहीसं होण्याची. पिणारा मजेसाठी पितो असं घरच्यांना वाटतं. पहिली काही वर्षं तसं असेलही. नंतर माझ्यासमोर बसलेले बहुतेक जण सांगतात की दोन-तीन तास आपण नसावं म्हणून ते प्यायचे. कर्ज नसावं, बायकोचा चेहरा नसावा, डोक्यातला आवाज नसावा. दादा, सगळ्यातून मन काढून घ्यायचं तुम्ही ठरवलंत, त्यात मला हीच तिसरी तहान दिसते आहे. बाटली गेली आणि ती तहान आता धम्माचे कपडे घालून आली आहे. त्या सकाळच्या वाक्याबद्दल मी सगळ्यात आधी बोलले ते म्हणूनच.

आता अर्थाचं. यात तत्त्वज्ञान थोडं आणि संध्याकाळ जास्त आहे. १२ वर्षं दारूने तुम्हाला संध्याकाळी सहा ते नऊचा कार्यक्रम दिला, दोस्त दिले, दिवसभराच्या मेहनतीचं बक्षीस दिलं, झोप दिली. ती गेली तेव्हा हे सगळं एकदम गेलं. मेंदूलाही इतकी वर्षं बाहेरून मिळालेल्या धक्क्यांची सवय असते. साध्या गोष्टीत पुन्हा गोडी वाटायला त्याला महिनेच्या महिने लागतात. त्यामुळे आज श्रीखंड फिकं लागतं, सिनेमा फिका लागतो. यावरून 'जगण्यात अर्थ नाही' असा निष्कर्ष काढू नका. जीभ भाजल्यावर चवीचा निकाल देण्यासारखं आहे ते.

इच्छाच मारायची, असं बुद्धांनी सांगितल्याचं आपण ऐकत आलो आहोत. पालीत तण्हा वेगळी आणि छंद वेगळा. छंद म्हणजे काही करण्याची ओढ, आणि चांगल्या कामाच्या छंदाशिवाय वाटचालच नाही. कोसंबीच्या घोसिताराम विहारात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने आनंदांना हेच विचारलं होतं की इच्छेनेच इच्छा सोडायची तर याला अंत कुठे? आनंदांनी उलट विचारलं, इथे यायच्या आधी तुला विहारात यायची इच्छा होती ना? आणि पोचल्यावर ती शमली ना? तशीच ही. तुम्हाला पिणं सोडावंसं वाटलं, तोही छंदच होता. त्याला मारू नका.

माझ्या वडिलांचं सांगते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते कामाला होते. तो बंद पडल्यावर त्यांचं पिणं वाढलं. रविवारी विहारात वंदना ते घ्यायचे, आवाज खणखणीत होता. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की तो आवाज खाली जायचा, 'सुरामेरयमज्ज' जेमतेम ऐकू यायचं, आणि मी लहान असूनही मला ते कळायचं. ५१व्या वर्षी उपचार घेऊन त्यांनी सोडली. पहिले काही महिने तुमच्यासारखेच, भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग विहाराच्या चिटणीस काकांनी एक दिवस त्यांच्या हातात विहाराची किल्ली ठेवली. रोज संध्याकाळी सहाला उघडायचं, झाडायचं, मेणबत्ती लावायची, मुलं अभ्यासाला येतात त्यांच्यासाठी पंखे लावायचे, नऊला बंद करायचं. सहा ते नऊ. काकांनी वेळ मुद्दाम निवडली होती की नाही हे मी कधी विचारलं नाही. पावसात छत्री उलटी झाली तरी बाबा सहाला हजर, कारण दाराशी मुलं भिजत उभी असायची. जगण्याचा अर्थ काय, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कमरेला किल्ली असायची.

१४ महिन्यांनी एका हळदीत ते प्यायले. दुसऱ्या दिवशी किल्ली परत द्यायला गेले आणि मान वर करेनात. काका म्हणाले, "उद्या सहाला उघडा." बस एवढंच. आपण शिलाला नियम समजतो, कायदा समजतो, मोडला की गुन्हेगार. पण म्हणताना आपण काय म्हणतो? 'वेरमणी सिक्खापदं समादियामि.' सिक्खापद म्हणजे शिकण्याची पायरी, आणि समादियामि म्हणजे ती मी आपणहून उचलतो. म्हणूनच ती दर रविवारी पुन्हा उचलायची असते. मारलॅट यांनीही हेच टिपून ठेवलंय की पहिल्या पेल्यापेक्षा 'आता गेलंच सगळं' हा विचार जास्त घात करतो, आणि दुसरा, तिसरा, दहावा पेला त्याच विचारातून येतो. याचा अर्थ एखादी चालते असा कुणी काढू नये. बाबांना त्या एका रात्रीनंतर पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागलं, गोळ्या बदलाव्या लागल्या, आईचा विश्वास परत यायला वर्ष गेलं. पण शरमेने विहार सोडला असता तर ते उरलेच नसते.

तुमच्यासाठी किल्ली कुठे आहे ते तुम्हीच बघा. शिफ्ट बदलती आहे, त्यामुळे रोजचं जमणार नाही. ऐरोलीत सेक्टर १५ला बाबासाहेबांचं स्मारक आहे, तिथे ग्रंथालय आहे, तिथे जाऊन बसायला सुरुवात करता येईल. वस्तीतल्या दोन मुलांचं गणित घेता येईल. एकच अट, तुम्ही गेला नाहीत तर कुणाचं तरी अडलं पाहिजे.

उच्चशक्तीबद्दल. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथली भाषा त्या मातीतली, देवाची आहे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या माणसाला ते खुपणार, आणि ते गिळून टाका असं मी सांगणार नाही. पण ज्याला जसं उमगेल तसं त्याने घ्यावं, ही मोकळीकही तिथेच दिलेली आहे. मीटिंगमध्ये २० जण गोलात बसतात, एक जण आपलं सांगतो आणि कुणी मध्ये बोलत नाही. माझ्या लेखी तो संघ आहे. आपण रोज म्हणतो ना, 'संघं सरणं गच्छामि'? आनंद एकदा म्हणाले, कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचा सोबती, असणं म्हणजे अर्धा धम्ममार्ग. बुद्धांनी त्यांना अडवलं, असं म्हणू नकोस आनंदा, तो अर्धा नाही, अख्खा मार्ग आहे. आणि 'अत्त दीप भव', म्हणजे स्वतःच स्वतःचा दिवा हो, असं सांगून 'मी एकट्याने करीन' म्हणणारे फार भेटतात. महापरिनिब्बान सुत्तात त्याच श्वासात धम्माचा दीप आणि धम्माचं शरण सांगितलं आहे, ते आपण गाळतो. एकट्याने करू नका. मीटिंग सोडू नका. प्रार्थनेच्या वेळी शांत उभे राहा, कुणी काही म्हणत नाही. बायकोलाही घरच्यांसाठी असते त्या अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जाऊन बघायला सांगा.

शिबिराला आत्ता नको. बेलापूरचं धम्म विपुल केंद्र चांगलं आहे, माझ्याकडचे काही जण तिथे जाऊन आले आहेत, पण सोबर होऊन वर्ष उलटल्यावर आणि डॉक्टरांशी बोलून. १० दिवस मौन, फोन बंद, घरचं कुणी नाही, आणि आत जे दाबून ठेवलंय ते सगळं वर येतं. तुमच्या मनात ते सकाळचं वाक्य असताना मी तुम्हाला पाठवणार नाही. पुढे कधी गेलात तर अर्जात व्यसन, औषधं, मनाचा आजार याबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी स्वतः तिच्याकडे वळले ते अर्धशिशीमुळे. त्यावर त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत होती आणि त्याचीच सवय लागायची भीती उभी राहिली होती. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांनी त्यांना सांगितलं की नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. तोवर घरी रोज १० मिनिटं आनापान, म्हणजे श्वासाकडे बघणं, करा. ध्यानाचा व्यसनमुक्तीत उपयोग होतो का, याचा अमेरिकेत २८६ जणांवर अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वर्षानंतर ध्यानाच्या गटातल्यांचे नशेचे दिवस कमी भरले आणि बेसुमार पिणंही कमी दिसलं. पण ते सगळे आधी उपचार पूर्ण केलेले होते, आणि आठवड्याला एक अशी आठ सत्रं त्यांनी गटात बसून केली होती.

हे वाचणाऱ्या आणि अजून रोज पिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बुद्धपौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला शपथ घेऊन एका झटक्यात सोडणारे मी पाहिले आहेत, आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात भरती झालेलेही पाहिले आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. शपथ जरूर घ्या, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा. कुठे जायचं हे कळत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. आणि वहिनींनो, आईंनो, डाळीत किंवा चहात गुपचूप गोळी घालू नका. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून मृत्यूही होऊ शकतो. ती गोळी त्याला माहीत असताना, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. तल्लफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशा वेगळ्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टर सुचवतील. गोळी घेणं ही आणखी एक आसक्तीच ना, असं मला विचारतात. बुद्धांनी आजारी भिक्खूंना औषधं घ्यायला परवानगी दिली होती, आणि जीवक वैद्य त्यांच्याच सेवेत होता.

राहिली ७ तारीख. ६ तारखेला रात्रीच बायकोशी बोला आणि एटीएम कार्ड तिच्याकडे द्या. खिशात पास आणि ५० रुपये पुरेत. डबा थोडा जास्त घ्या आणि शिफ्ट सुटायच्या आधी खा. गेटबाहेर हाक मारणाऱ्या दोस्ताला आदल्या दिवशीच सांगून टाका, म्हणजे ऐनवेळी शब्द शोधावे लागणार नाहीत. मीटिंगमधल्या एकाला रबाळे स्टेशनवर भेटायला बोलवा आणि ऐरोलीपर्यंत बरोबर या. वाटेत दुकान लागत असेल तर महिनाभर दुसऱ्या बाजूने उतरा, दहा मिनिटं जास्त चाला. घरी पोचलात की हातपाय धुवा आणि मुलीच्या वहीशेजारी बसा. तल्लफ तिथेही येईल, येऊ द्या. कुठे जाणवते ते बघा आणि तिला पुढचं गणित विचारा.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा.